अ‍ॅव्हरेज वाढवायच्या नादात या चुका टाळा

सगळ्यात जुना रोग म्हणजे ओबीडी सॉकेटात, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटात, खुपसायची डबी. तीन दिवे लुकलुकतात आणि म्हणे इंजिनाचा कॉम्प्युटर सुधारतो. परवा एक पोरगा साताऱ्यातल्या आमच्या गॅरेजवर हरखून आला. "काका, १४ची गाडी १८ द्यायला लागली!"

"मोजलंस कसं?"

"कासवरनं येताना स्क्रीनवर बघितलं की."

येताना! अख्खा यवतेश्वर घाट उताराचा, तिथं ट्रॅक्टरसुद्धा अ‍ॅव्हरेज देईल. डबी त्याच्यासमोरच उघडली. एक चिप, तीन एलईडी, दोन-चार रेझिस्टर. कॉम्प्युटरशी बोलायच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांना आत काही जोडलेलंच नव्हतं. जोडलं होतं ते १६ला आणि ४ला, म्हणजे बॅटरी आणि अर्थिंग. १६ला चावी काढल्यावरही करंट असतो, म्हणजे रात्रभर दिवाळी. सोबतच्या कागदावर लिहिलेलं, पहिले २०० किमी सावकाश चालवा, यंत्र शिकतंय. शिकत होता हा पोरगा, हळू चालवायला!

मोजायची पद्धत माझी एकच. पंप तोच, नोझल तेच, ऑटो-कटला थांबायचं, वर टिचकीभरही नाही. ट्रिप मीटर शून्य. आणि तीन टाक्या मोजायच्या, कारण १०० किमीला सात लिटर लागत असतील तर अर्ध्या लिटरचा घोळ लिटरमागे एक किलोमीटरचा फरक दाखवतो. एवढा दम कुणाला नसतो.

पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक लावू नका, पेट्रोलवर त्याचा काही परिणाम होत नाही. इंजिनाच्या हवेच्या पाइपात बसवायचा पंखा उलट हवेची वाटच अडवतो. ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर हवा-पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ला १ असं सतत जुळवत असतो, तिथं टाकीत टाकायच्या गोळ्या-पुड्या काय करणार?

आणि घाटात न्यूट्रल? गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांचा जळका वास मला आता लांबूनच ओळखू येतो.

त्या पोराच्या टायरांत हवा निघाली २४, दारावरच्या स्टिकरवर ३३. भरून दिली. निघताना म्हणतो, "काका, डबी परत चिकटवून द्या ना, मित्राला विकतो."