हाडं निघालेलं तट्टू: आधी चारा, मग खूर, मग नवं घर

बरगड्या मोजता येतील असं तट्टू दारात आलं की लोक मायेनं हरभरा-गूळ पुढे करतात. त्यानंच ते दगावतं. उपाशी शरीरात एकदम साखर गेली की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि काही दिवसांत हृदय बंद पडू शकतं.

वजनाचा अंदाज टेपनं काढा: छातीचा घेर × घेर × खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी (सेंमी) ÷ ११,८८०. दोनशे किलोच्या बांध्याला पहिले तीन दिवस वाळलेला लसूणघास २०० ग्रॅम, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. पाणी कायम समोर. दहाव्या दिवसापर्यंत चारा हळूहळू वाढवा. तोवर दाणा बंद. नुसत्या कडब्यावर अंग भरत नाही, त्यात प्रथिनं फार कमी.

गव्हाणीपाशी अर्धवट चावलेले ओले गोळे पडलेले दिसले तर दाढांना धार आलीय. डॉक्टरकडून कानस मारून घ्या. जंताचं औषध अंगात थोडी ताकद आल्यावरच, वजनाप्रमाणे. वाढलेले खूर एका दमात कापू नका, तट्टू लंगडतं. नालबंदाकडून चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं थोडे-थोडे. धनुर्वाताची लस, सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगासाठी रक्ततपासणी विसरू नका.

नव्या घरी देण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाची तपासणी कराच. तो माणसालाही होतो. पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पाठवता येतो. वीटभट्टीवाल्याला मी देत नाही, पैसे कितीही येवोत. जिथं आधीच एखादं घोडं आहे आणि मे महिन्यात दाट सावली आहे, ते घर बघा. सोबत चाऱ्याचं वेळापत्रक लिहून द्या, आठवडाभराचा जुना चाराही द्या. चारा अचानक बदलला की पोटशूळ उठतो.