सिलिंडर हेडसाठी रोटरीचा प्रोग्राम कसा लावायचा

आधी रोटरीचं, म्हणजे सीएनसी मिलवर जॉब फिरवणाऱ्या ए अक्षाचं, सेंटर पक्कं शोधा, मँड्रेल (सरळ गोल दांडा) धरून दोन्ही बाजूंना डायल इंडिकेटर लावला की वाय मिळतो, वरच्या टोकातून त्रिज्या वजा केली की झेड, रनआऊट (फिरताना मँड्रेल डगमगणं) असेल तर ए १८० फिरवून परत मोजा आणि सरासरी घ्या. जी५४ चा (वर्क ऑफसेट, म्हणजे जॉबचा झिरो) वाय-झेड झिरो तिथेच ठेवा, प्रोग्राम बनवायच्या कॅम सॉफ्टवेअरमधला ओरिजिनपण तिथेच, मग हेड कितीही फिरवा झिरो हलत नाही.

व्हॉल्व सीटसाठी गाइडचा (व्हॉल्वची दांडी सरकते ती नळी) अँगल ड्रॉइंगवरून घ्या. जी५३ झेड० ने टूल पूर्ण वर, मग एम११ ने ब्रेक सोडा, ए फिरवा, एम१० ने ब्रेक लावा (हे हास कंपनीच्या मशीनचे कोड, बाकी मशीनचं मॅन्युअल बघाच). ब्रेकशिवाय सीट कापली तर चॅटर (थरथरीच्या खुणा) येतो आणि व्हॉल्व लीक होतो. पोर्टिंगला (हेडमधल्या हवेच्या वाटा कापताना) ए चालू कटमध्ये फिरतो, तिथे जी९३ (इनव्हर्स टाइम फीड) आणि प्रत्येक कटिंग लाइनीत एफ (फीडचा आकडा), संपलं की लगेच जी९४ (नेहमीचा दर मिनिटाचा फीड).