पाऊस आणि नाल्याचं पाणी मोजायचं जाळं: मापक किती आणि पट्टी कुठे

पाणलोटाचं काम हाती घेतलं की गावात पहिला प्रश्न येतो, "पर्जन्यमापक किती लागतील?" त्याचं उत्तर तासाभराच्या गणितात मिळतं. खरं डोकं लागतं ते नाल्यावर पातळीची पट्टी, म्हणजे पाण्याची उंची वाचायची आकडे लिहिलेली पट्टी, कुठे ठोकायची हे ठरवायला, आणि नेमकं तेच काम लोक पूल दिसला की उरकून टाकतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात बरीच वर्षं हे काम करून मला एवढं पक्कं कळलंय की चुकीच्या जागी ठोकलेली पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट. तिच्या आकड्यांवर लोक बंधारे बांधतात.

नकाशावर पाणलोटाची हद्द काढा आणि आधीपासून चालू असलेले महसूल मंडळाचे, धरणावरचे मापक त्यावर मांडा.

आता संख्या. भारतीय मानक मैदानात ५२० चौरस किलोमीटरला एक मापक सांगतं, १००० मीटरपर्यंत उंचीच्या भागात २६० ते ३९० ला एक, आणि जोरदार पावसाच्या डोंगराळ भागात १३० ला एक. हा आकडा सुरुवातीपुरता. खानदेशात नवापूर-अक्कलकुव्याला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिंदखेड्याकडे जवळपास निम्मा, त्यामुळे नुसत्या क्षेत्रफळावर भागत नाही. समजा तुमच्या खोऱ्यातल्या चार मापकांची वार्षिक सरासरी ५२०, ६४०, ८१० आणि १०३० मिमी आहे. सरासरी ७५०, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) सुमारे २२१, म्हणजे सरासरीच्या साडेएकोणतीस टक्के. दहा टक्के चूक चालणार असेल तर या टक्क्यांना दहाने भागा आणि वर्ग करा: ८.७, म्हणजे नऊ मापक. पाच नवे लागतील. ते डांबरी रस्त्यालगत सोयीने बसवू नका. जिथे पाऊस झपाट्याने बदलतो त्या पश्चिमेच्या डोंगरउताराला बसवा. दहातला एक तरी आपोआप नोंद करणारा हवा.

बसवणं सोपं: तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर, झाड-भिंत तिच्या उंचीच्या दुपटीइतकी तरी लांब, वाचन रोज सकाळी साडेआठला. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर अजिबात नाही.

आता नाला. माझी पहिली पट्टी मी एका पुलाच्या भिंतीवर रंगवली होती. जागा देखणी, वाचायला सोपी, पावसाळाभर आकडे छान आले. सप्टेंबरअखेर पाऊस थांबला तरी पट्टीवर रोज १.४० मीटर. कोणत्या पातळीला किती पाणी वाहतं हे सांगणाऱ्या माझ्या तक्त्यानुसार नाल्याला पूर होता. वाचन घेणाऱ्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "पानी उभं शे भाऊ, चाली नही ऱ्हायनं." जाऊन पाहिलं तर खाली तीनशे मीटरवर कोल्हापुरी बंधारा, त्यात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, आणि त्याचा फुगवटा थेट माझ्या पुलापर्यंत आलेला. मी जागा बघताना वरच्या बाजूला दोन किलोमीटर चाललो होतो, खालच्या बाजूला एक पाऊलही नाही.

म्हणून जागा ठरवताना आधी प्रवाहाच्या खाली चाला, निदान अर्धा किलोमीटर. बंधारा, दुसऱ्या नाल्याचा संगम, अरुंद मोरी, यातलं काहीही पाणी मागे तुंबवत असेल तर ती जागा सोडा. तुम्हाला हवी आहे अशी जागा जिथे एका पातळीला एकच विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, असतो. आडवा कातळ उत्तम. पांझरा नदीच्या बाजूला फड पद्धतीचे (गावाने मिळून करायच्या सिंचनाचे) जुने दगडी बंधारे आहेत. माथा शाबूत असेल आणि पुरात खालचं पाणी माथ्याला लागत नसेल तर त्यासारखी आयती जागा नाही. रुंद माथ्याचं ढोबळ सूत्र असं: माथ्यावरच्या पाण्याच्या उंचीचा दीड घात, गुणिले लांबी, गुणिले १.७, मापं मीटरमध्ये. वीस मीटर लांब माथ्यावर ३० सेंमी पाणी असेल तर सेकंदाला ५.६ घनमीटर, म्हणजे जवळपास २०० क्युसेक. तरीही हा आकडा वेग मोजून ताडून पाहा.

वाळूच्या पात्रात मात्र सावध राहा. एका पुरात तळ हातभर खचतो, आणि वाळूउपसा झाला तर पूर न येताही खचतो. मग त्याच पातळीला पहिल्यापेक्षा जास्त पाणी वाहतं. प्रत्येक मोठ्या पुरानंतर आडवा छेद (काठापासून काठापर्यंत पात्राचा आकार) पुन्हा मोजा आणि गरज पडली तर तक्ता नवा करा. याला पर्याय नाही.

दुसरी घोडचूक तक्त्याच्या वरच्या टोकाला होते. गुडघाभर पाण्यातली आठ-दहा मोजमापं घेऊन संगणकावर रेषा पुढे ओढायची आणि तीन मीटरच्या पुराचा विसर्ग सांगायचा, हे मी कधीच मान्य करणार नाही. आपल्याकडचे पूर रात्री येतात आणि दोन-तीन तासांत उतरतात. काठावर राहणारा एक माणूस तयार करा. काठाने पन्नास मीटर अंतर आखून द्या आणि वाहतं लाकूड ते किती सेकंदात पार करतं हे बॅटरीच्या उजेडात बघायला शिकवा. पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणलं की सरासरी वेग मिळतो. तेही जमलं नाही तर सकाळी उजाडताच बाभळींना अडकलेल्या काड्या-गवताच्या खुणा दोन्ही काठांवर तीन ठिकाणी मोजा आणि पाण्याच्या उतारावरून मॅनिंगच्या सूत्राने (पात्राचा उतार, आकार आणि खडबडीतपणा यांवरून वेग सांगणारं सूत्र) विसर्ग काढा. दोन दिवसांनी गेलात तर खुणा गेलेल्या असतात.

तीन-चार पावसाळ्यांनंतर जाळं तपासा. एकेक पर्जन्यमापक बाजूला ठेवून त्याचा पाऊस बाकीच्यांवरून काढा. ज्याचा आकडा दरवेळी बरोबर निघतो तो हलवायला हरकत नाही, पण तीस वर्षांची नोंद असलेल्याला हात लावू नका. मग प्रत्येकाच्या पावसाची वर्षागणिक वाढत जाणारी बेरीज शेजारच्या मापकांच्या सरासरीच्या तशाच बेरजेसमोर आलेखावर मांडा. रेष जिथे वाकली त्या वर्षी काय झालं ते गावात जाऊन विचारा. बहुतेक वेळा मापकाशेजारचा निंब वाढलेला असतो. मापक उघड्यावर न्या आणि हलवल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.