संचारबंदीतला रस्ता: आधी फोटो, मग ओळी

२३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात संचारबंदी लागली, मुंबईच्या लोकलही थांबल्या. तशा रिकाम्या रस्त्याचा फोटो कसा घ्यावा आणि त्यावर कविता कशी लिहावी, त्याच्या या सूचना. तेव्हाचे रिकाम्या रस्त्यांचे बरेच फोटो एकाच ठिकाणी फसतात: ते पहाटे काढलेले आहेत. पहाटे सहाला रस्ता एरवीही मोकळाच असतो. पुन्हा कधी अशी संचारबंदी लागली, तर जिथे एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथला फोटो त्याच गर्दीच्या वेळी घ्या. सकाळी साडेनऊ किंवा संध्याकाळी साडेपाच. चौकटीत घड्याळ आलं तर फारच उत्तम. अत्यावश्यक सेवेमुळे मुंबईच्या सीएसएमटी स्थानकावरून जाणं होत असेल, तर संध्याकाळ निवडा. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी दर्शनी भाग सावलीत राहतो.

नुसत्या फोटोसाठी मात्र घराबाहेर पडू नका. खिडकी, गच्ची आणि दूध-भाजीची वाट पुरे. खिडकीतून काढताना खोलीतले दिवे बंद करा आणि फोन काचेला टेकवा, नाहीतर स्वतःचंच प्रतिबिंब येतं. ग्रिल असेल तर लेन्स दोन सळ्यांच्या मधोमध धरा. वाइड लेन्स (रुंद दृश्य टिपणारी) टाळा: रस्ता लांबलचक दिसतो, पण बेस्टचा थांबा किंवा साखळीने बांधलेली हातगाडी ठिपक्याएवढी होते. आणि फोटो तर त्यांच्यावरच उभा असतो, कारण माणसं कुठे असायला हवी होती हे त्याच गोष्टी सांगतात. फोन वरखाली कलता करू नका, इमारती मागे पडल्यासारख्या दिसतात.

चालू सिग्नल हवा असेल तर कॅमेऱ्याच्या शटरच्या वेगाकडे, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो त्याकडे, लक्ष द्या. काही एलईडी दिवे डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने मिणमिणतात. १/५०० सेकंदाला दिवा विझलेला येऊ शकतो. कॅमेऱ्यावर शटर १/१०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचा आकार) यांपासून सुरुवात करा. फोन उन्हात शटर आपोआप जलद करतो, तेव्हा सलग पाच-सहा फोटो घ्या.

सफाई कामगार, पोलीस, गावाकडे चालत निघालेले मजूर चौकटीत आले, तर रस्ता रिकामा दिसावा म्हणून त्यांना कापू नका. तो रस्ता त्यांच्यासाठी रिकामा नव्हताच. चेहरे ओळखू येणार नाहीत इतकं अंतर ठेवा.

कवितेसाठी त्याच जागी, त्याच वेळी दहा मिनिटं कान देऊन बसा आणि फक्त ऐकू आलेलं व वास आलेलं टिपा: कुकरची शिट्टी, कोकिळा, रुग्णवाहिका, सॅनिटायझर. जे फोटोत दिसतं ते ओळींत पुन्हा सांगायची गरज क्वचितच पडते. ‘सुनसान’, ‘भयाण’, ‘ओसाड’ हे शब्द आले की खोडा. ते वाचकाला काय वाटावं ते सांगतात, दाखवत काहीच नाहीत.

मुक्तछंदात पसरट होत असेल तर मोठ्या अभंगाचा साचा घ्या: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं.

बंद शटरांची
दुतर्फा ही रांग
सिग्नल हा सांग
कोणासाठी

चौथा चरण आखूड असल्याने तिथे आवाज तुटतो, आणि या विषयाला ते तुटणं शोभतं. मात्र अक्षरं भरण्यासाठी ‘ही’, ‘तो’, ‘रे’ कोंबू नका. वरच्या कडव्यातही दोन ‘भरीचे’ शब्द आहेत, तिसरा आला असता तर साचा उघडा पडला असता.

शेवटी फोटो आणि कविता दोन्हींखाली रस्त्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहा. फोनमधली तारीख फाइल पुढे पाठवताना अनेकदा पुसली जाते.