पाणचक्कीची जुनी नहर नोंदवताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहणारे बहुतेक जण भिंतीवरून हौदात कोसळणारी धार पाहून परततात. डोंगराकडून जमिनीखालून येणारी तिची वाट कोणी पाहत नाही आणि नव्या इमारतींचा पाया नेमका त्या वाटेवर येतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवल्यानंतर त्याखाली नहरींचे, म्हणजे जमिनीखालच्या पाणीवाटांचे, जाळे उभे राहिले, त्यामुळे इथे खोदकामात खापराचा नळ निघणे अपवादात्मक नाही.

जेसीबी आल्यावर नोंद सुरू करणे ही पहिली चूक. नहरीच्या वाटेवरचे उंच बंबे (पाण्याचे मनोरे) आणि तोंडे बुजलेली मॅनहोल आधी नकाशावर मांडावीत, त्यांना जोडणाऱ्या रेषेवर हाताने चर घ्यावा आणि यंत्र वापरावेच लागले तर दाते नसलेली बादली लावावी. भूवेधी रडारच्या अहवालावर विसंबूनही जागा मोकळी ठरवू नये, कारण काळ्या चिकण मातीत त्या लहरी लवकर शोषल्या जातात.

सर्वांत महागात पडते ती पातळी न घेण्याची चूक. नळाचा तुकडा दिसला की भराभर छायाचित्रे निघतात, त्यांत मोजपट्टी असते, उत्तरेचा बाणही असतो. मात्र नळाचा तळ बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेपासून, किती खाली आहे, हे कोणीच लिहीत नाही. मग पुढचा तुकडा मागच्यापेक्षा उंच निघाला की ‘या दोन वेगळ्या नहरी’ असा शेरा मारला जातो. उघड्या पाटाच्या बाबतीत हा तर्क योग्य आहे; पण भरून, दाबाखाली वाहणारा बंद नळ सखल भागात उतरून पुन्हा चढू शकतो, फक्त उगमाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच तो जाता कामा नये. पाणचक्कीच्या भिंतीत पाणी वर चढते ते याच सायफनच्या तत्त्वावर, आणि तरीही हा शेरा वर्षानुवर्षे मारला जातो, याचे मला नवल वाटते. प्रत्येक सांध्याची पातळी ऑटो लेव्हल या उंची मोजण्याच्या दुर्बिणीने घ्यावी आणि १:२० प्रमाणात उभा छेद काढावा.

नळ धुऊन ठेवण्याचा उत्साहही आवरावा. असाच एक फुटका नळ मी हातात घेतला होता. आतून नखाएवढ्या जाडीचा पांढुरका क्षार धरला होता आणि शेजारचा मजूर दुसरा तुकडा तारेच्या ब्रशने चकाचक करत होता. क्षार पूर्ण वर्तुळभर असेल तर नळ भरून वाहत होता, निम्म्यापर्यंतच असेल तर पाणी मोकळे वाहत होते, इतके तो थर सांगतो. आतला गाळ आणि सांध्यातला चुना यांचे नमुने वेगळ्या पिशव्यांत घ्यावेत व प्रत्येकीवर तुकड्याचा क्रमांक लिहावा.

बंद बोगद्यात मोजमापासाठी एकट्याने उतरू नये. तिथे विषारी वायू साठलेला असू शकतो. केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरांत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते, हे आराखडा काढण्यापूर्वीच तपासावे.

नळ जागीच ठेवायचा असल्यास त्यावर जिओटेक्स्टाइल (मातीत अंथरायचे कृत्रिम धाग्यांचे कापड) व बारीक वाळू पसरूनच मुरूम भरावा आणि तुटलेल्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश बांधकामाच्या अंतिम नकाशात उतरवून घ्यावेत.