जुन्या घरातलं मातकट रंगांचं किचन: शेडकार्ड नंतर, आधी भिंत बघा

जुन्या घरात किचन करायचं ठरलं की सगळे आधी शेडकार्ड उघडतात, पण रंग त्या घरातच असतो हो, तो शोधायचा. फडताळामागे किंवा चौकटीच्या कडेला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे नखाएवढी जागा ओली करून ब्लेडने हलकेच खरवडा. वर पांढरा ऑइलपेंट, खाली कुठलातरी हिरवा, आणि तळाशी बऱ्याचदा तांबूस नाहीतर पिवळसर चुना निघतो. तोच तुमचा मेन रंग. मात्र जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून खरवडायच्या आधी टेस्ट किटने तपासा, कोरडं सँडिंग तर अजिबात नको. घराला हेरिटेज दर्जा असेल तर परवानगीचंही आधी बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या भिंती चुन्याच्या किंवा मातीच्या असतात, त्या ओल घेतात आणि सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट मारला की ओल आतच अडकते. मी एक कोपरा घाईत सिमेंटने बुजवला होता, दोन वर्षांत तिथलेच पोपडे निघाले, बाकीची चुन्याची भिंत ठणठणीत. तेव्हा गिलावा चुन्याचाच आणि रंगही चुन्याचाच.

चुन्यात मिसळायला गेरू, पिवळी माती, सिएना (पिवळसर तपकिरी माती), अंबर (umber, गडद तपकिरी माती) असे मातीचे रंग घ्या. यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि तो चुन्यात टिकतो. अंबरमध्ये मँगनीजही असतं म्हणून तो तपकिरी. आणि पिवळी माती भाजली की तांबडी होते, त्यामुळे हे सगळे रंग एकमेकांशेजारी कधी भांडत नाहीत! प्रमाण चुन्याच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आतच ठेवा, जास्त झालं की भिंतीला हात लावला तरी रंग हाताला येतो.

भिंत आधी ओली करायची, रंग दुधासारखा पातळ, रुंद ब्रशने उलटसुलट हात, असे 3-4 पातळ कोट, मध्ये एकेक दिवस. ओला असताना गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका पडतो, म्हणून नमुना लावून दुसऱ्या दिवशी बघा. चुन्याने कातडी भाजते, ग्लोव्हज आणि गॉगल हवेतच. शेगडीमागे मात्र चुना नको, तेलाचे डाग जात नाहीत, तिथे दगड किंवा टेराकोटा टाइल लावा, टेराकोटाला सीलर, म्हणजे डाग आत मुरू न देणारा लेप, लागतो.

कपाटं शक्यतो सुटी, पायांवर उभी. जुन्या भिंती ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभ्या, नसतात, त्यामुळे कपाट थोडं पुढे ठेवून मधली फट भिंतीच्या वळणाप्रमाणे कापलेल्या पट्टीने झाकायला सुताराला सांगा. लाकडाला जवसाचं तेल छान, पण तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

बल्ब 2700 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, घ्या, पांढऱ्या लाइटमध्ये गेरू मेल्यासारखा दिसतो. आणि ते नमुना लावायच्या आधीच बसवा, म्हणजे शेड त्याच उजेडात ठरेल.