दिवा हिरवा, पण वाट बंद: फेलओव्हर शिकताना

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याची सर्व्हर रूम ही माझी पहिली नोकरी. दोन ईएसएक्सआय होस्ट (एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारे सर्व्हर), प्रत्येकाला दोन नेटवर्क कार्ड, एकाची केबल पहिल्या स्विचला, दुसऱ्याची दुसऱ्या. एक तुटली तर दुसरी आहेच, म्हणून मी निर्धास्त होते.

एका सकाळी वजनकाट्यावरून फोन आला. "ताई, काट्याचं सॉफ्टवेअर अडकलंय, गेटवर गाड्यांची रांग लागलीया." त्याच होस्टवरचं बिलिंगचं व्हीएम मात्र सुरळीत चालू. केबली घट्ट बसलेल्या, पोर्टचे दिवे हिरवे. शेवटी ईएसएक्सटॉप (होस्टवर काय चाललंय ते दाखवणारी कमांड) उघडून 'एन' दाबलं. कुठलं व्हीएम कुठल्या कार्डावरून जातंय ते तिथं दिसतं. अडकलेली सगळी व्हीएम दुसऱ्या कार्डावर होती! दुसऱ्या स्विचकडून कोअर स्विचकडे (सगळे स्विच जोडणाऱ्या मुख्य स्विचकडे) जाणारी फायबर उंदरानं कुरतडली होती.

नव्यानं या कामात येणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. फेलओव्हर म्हणजे एक वाट बंद पडली की काम दुसरीवर नेणं. बिघाड ओळखण्याची त्याची मूळ सेटिंग 'लिंक स्टेटस ओन्ली' असते. ती फक्त होस्टपासून त्याला जोडलेल्या स्विचपर्यंतची केबल पाहते. पुढचा रस्ता तुटला, पोर्टवर व्हीलॅन (नेटवर्कच्या वेगळ्या भागाचा क्रमांक) चुकला, तरी होस्टच्या लेखी सगळं ठीकच. आणि मूळ लोड बॅलन्सिंगमध्ये (कार्डांवर ट्रॅफिक वाटून देण्याच्या पद्धतीत) प्रत्येक व्हीएमला एकच कार्ड नेमून दिलेलं असतं, म्हणून निम्मी व्हीएम बंद आणि निम्मी चालू, असा चक्रावणारा प्रकार होतो.

यावर 'बीकन प्रोबिंग' आहे (कार्डं एकमेकांना बीकन, म्हणजे छोटे चाचणी-संदेश, पाठवून वाट तपासतात), पण त्याला किमान तीन कार्डं हवीत. दोनच असली तर बीकन हरवल्यावर नेमकं कुठलं खराब हे होस्टला ठरवताच येत नाही. आमच्याकडे दोनच होती, म्हणून आम्ही स्विचवर लिंक स्टेट ट्रॅकिंग लावलं: वरची लिंक गेली की स्विच खालचे पोर्ट स्वतःच पाडतो आणि होस्टला बिघाड कळतो. माझ्या मते छोट्या सेटअपला हाच मार्ग बरा. लोड बॅलन्सिंगचा 'आयपी हॅश' हा पर्याय मात्र स्विचवर ईथरचॅनेल (अनेक केबलींची मिळून एकच लिंक) बांधल्याशिवाय निवडू नका.

दुसरा फटका फेलबॅकचा, म्हणजे बंद पडलेली वाट सुरू झाली की ट्रॅफिक पुन्हा तिच्यावर नेण्याचा. स्विच रीबूट झाला की पोर्टचा दिवा आधी लागतो, पण जुन्या स्पॅनिंग ट्रीत (स्विचमध्ये गोल फिरणारी वाट होऊ न देणारी व्यवस्था) पोर्ट लिसनिंगला १५ आणि लर्निंगला १५ असे ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही. फेलबॅक 'येस' असेल तर होस्ट दिवा पाहून ट्रॅफिक लगेच तिकडं वळवतो आणि चाललेलं काम पुन्हा बंद पडतं. होस्टकडच्या पोर्टवर पोर्टफास्ट (हे थांबणं टाळणारी स्विचची सेटिंग) लावा, नाहीतर फेलबॅक 'नो' ठेवा. पोर्ट ग्रुपवर (व्हीएम जिथं जोडतात त्या व्हीस्विचच्या गटावर) ओव्हरराइडची खूण असेल तर व्हीस्विचवरचा (होस्टमधल्या आभासी स्विचवरचा) बदल तिथं लागू होत नाही, तेही तपासा.

सरावाला महागडं हार्डवेअर लागत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून वर्कस्टेशन प्रो (साध्या पीसीवर व्हीएम चालवायचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) सगळ्यांना मोफत आहे. त्यात ईएसएक्सआय बसवा, तीन कार्डं द्या, एकेकाची 'कनेक्टेड' खूण काढून बघा.

खऱ्या सेटअपवर, सुट्टीच्या दिवशी आणि साहेबांना सांगून, तीन चाचण्या घ्या. व्हीएमला पिंग (उत्तर येतंय का ते पाहणारा चाचणी-संदेश) चालू ठेवून आधी होस्टची केबल काढा, मग स्विचची वरची केबल, मग स्विच रीबूट करा. किती पिंग हुकले ते रजिस्टरमध्ये लिहा. तिसऱ्या चाचणीत स्विच परत आल्यावर लगेच उठू नका, आणखी दोन मिनिटं पिंग बघत बसा. फेलबॅकचा घोळ तेव्हाच दिसतो.